बास हेडच्या टोनची तुलना करायची कशी? टोन हॅमर, लिटल मार्क, जीके, हार्टके की अ‍ॅम्पेग

चारतारी_कोथरूड

नमस्कार मंडळी, बास हेड (बास गिटारचा अ‍ॅम्प, स्पीकरचा डबा वेगळा) घ्यायचंय आणि टोनच्या बाबतीत पार गोंधळ उडालाय म्हणून विचारतोय. माझ्याकडे पॅसिव्ह जॅझ बास आहे, निकेलच्या राउंडवाउंड तारा, बोटांनीच वाजवतो, पिक क्वचित. कॅब म्हणजे स्पीकरचा डबा एकच, टू बाय टेन (दहा इंची दोन स्पीकर), ८ ओहमची. बँडमध्ये दोन गिटार, कीबोर्ड आणि दणकून वाजवणारा ड्रमर. थोडं रॉक, बाकी हिंदी-मराठी गाणी, कॉलेजचे फेस्ट, सोसायट्यांचे गणपतीचे कार्यक्रम, मधूनच एखादा पब.

तर मध्यंतरी जिथे जे हेड मिळालं ते वाजवून बघितलं. आमच्या जॅमरूमला हार्टकेचं एलएच ५०० आहे, एका मित्राकडे अ‍ॅग्विलारचं टोन हॅमर ५००, दुसऱ्याकडे मार्कबासचं लिटल मार्क ३, आणि एका सिनियर बासिस्टकडे गॅलियन-क्रूगरचं (जीके) जुनं ८००आरबी. एका फेस्टला बॅकलाइनमध्ये अ‍ॅम्पेग एसव्हीटी आणि खाली एट बाय टेन होतं, त्यावर पण वाजवायला मिळालं आणि तो आवाज अजून डोक्यातनं जात नाहीये.

सगळीकडे एकच नियम ठेवला, सगळे नॉब बारा वाजता म्हणजे सरळ वर, आणि मग ऐकायचं. टोन हॅमर जाड, उबदार, वरचं दबलेलं वाटलं. हार्टके एकटं वाजवताना मस्त, खाली दणका वर चमक, पण बँड सुरू झाला की बास गायबच. जीके गुरगुरतं, प्रत्येक नोट पुढे येते. आणि लिटल मार्क, ज्याला सगळे जण स्वच्छ, क्लीन म्हणतात, ते मला मंद आणि मधून पोकळ वाटलं, हे तर अजिबात कळलं नाही. वर यूट्यूबवर हेडफोन लावून हेच सगळे ऐकले तर त्यात मला फारसा फरकच कळेना.

मग खरं काय? हेडला स्वतःचा टोन असतो की नाही? असेल तर तो नेमका कुठे असतो, ट्यूबमध्ये (काचेच्या व्हॉल्व्हमध्ये), इक्यूमध्ये (बास-ट्रेबलच्या नॉबमध्ये) की पॉवरमध्ये? आणि तुलना करायची तर कशी करायची? ५०० वॉटचं हेड माझ्या ८ ओहमच्या कॅबवर अर्धंच चालतं म्हणतात, त्याने टोन बदलतो का?

साउंडचेक_दादर

चांगला प्रश्न. मी लाइव्ह साउंड करतो आणि बासही वाजवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, बारा वाजताचा नियम सोडून दे. बारा वाजता म्हणजे फ्लॅट, म्हणजे काहीच न वाढवता-घटवता, हे प्रत्येक हेडला लागू नाही, आणि तू दिलेल्या यादीत तर ते जवळजवळ कुठेच लागू नाही. एक-एक घे.

एलएच ५०० मध्ये फेंडर पद्धतीचा पॅसिव्ह टोन स्टॅक आहे, म्हणजे बास-मिड-ट्रेबलचं सर्किट. पॅसिव्ह म्हणजे त्यात काही वाढवता येतच नाही, फक्त कमी करता येतं, आणि तिन्ही नॉब मधोमध ठेवले की मिडमध्ये, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीत, चांगलाच खड्डा पडलेला असतो. फ्लॅटच्या जवळ जायचं असेल तर बास २ वर, मिड पूर्ण १० वर, ट्रेबल २ वर. ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघ, तेच हेड वेगळं वाजेल. बँडमध्ये तुझा बास गायब होत होता तो या खड्ड्यामुळे.

लिटल मार्कचे चार इक्यू नॉब मात्र बारा वाजता खरंच काही करत नाहीत. ४० हर्ट्झ, ३६० हर्ट्झ, ८०० हर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ अशा चार जागा आहेत. पण त्याच पॅनलवर अजून दोन नॉब आहेत, व्हीपीएफ आणि व्हीएलई. हे फिल्टर आहेत आणि त्यांचं शून्य डावीकडे टोकाला आहे, मधोमध नाही. व्हीपीएफ ३८० हर्ट्झच्या आसपास कापत जातो, व्हीएलई वरून उंच फ्रिक्वेन्सी खाली खाली आणत जातो, जुन्या, ट्विटर (उंच आवाजाचा छोटा स्पीकर) नसलेल्या कॅबसारखं करण्यासाठी. तू दोन्ही बारा वाजता ठेवलेस म्हणजे मिड पण गेले आणि वरचं पण गेलं. म्हणून मंद आणि पोकळ. दोन्ही पूर्ण डावीकडे घेऊन ऐक, मग लोक त्याला क्लीन का म्हणतात ते लगेच कळेल.

टोन हॅमरचं उलट. त्याचा ड्राइव्ह नॉब नुसतं डिस्टॉर्शन वाढवत नाही, तो वाढवला की सोबत इक्यूचा आकारही बदलतो, मिड जाड होतात आणि वरचं गुळगुळीत होतं. बारा वाजता ड्राइव्ह म्हणजे हेडने चांगलाच रंग चढवलेला आहे. तुला जाड आणि उबदार आवडलं असेल तर उत्तम, पण तो त्याचा फ्लॅट आवाज नव्हे. एसव्हीटीवरही कोणीतरी अल्ट्रा लो बटण दाबून ठेवलेलं असतं, त्याने ५०० हर्ट्झच्या आसपास तब्बल १० डेसिबल खाली जातं, त्यामुळे स्टेजवर चढल्या चढल्या आधी ते बघ.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. आवाजाची पातळी. दोन हेडपैकी एक अगदी एक-दीड डेसिबलने मोठं असेल तर कान त्याला मोठं म्हणत नाहीत, त्याला चांगलं, भरदार, खोल असं म्हणतात. बासच्या बाबतीत तर जास्तच, कारण आपला कान कमी आवाजात खालच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकतो आणि आवाज वाढवला की त्या झपाट्याने वर येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. म्हणजे पातळी न जुळवता केलेली टोनची तुलना ही बहुतेक वेळा व्हॉल्यूमची तुलना असते.

जुळवायचं कसं तर फोनमध्ये डेसिबल मोजणारं अ‍ॅप घे, त्यात वेटिंग सी वर ठेव, ए वर नको. ए वेटिंग १०० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल कमी मोजतं, म्हणजे तुझा बास त्याला जवळजवळ दिसतच नाही. पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला सततचा खळखळाट) हेडच्या इनपुटला दे, फोन कॅबसमोर एकाच जागी ठेव आणि प्रत्येक हेडचा मास्टर तेवढाच आकडा येईपर्यंत फिरव. फोनचा माइक खालच्या फ्रिक्वेन्सीला तितका भरवशाचा नसतो पण इथे खरा आकडा नकोच आहे, दोन्ही वेळेला सारखा आला की काम झालं.

तिसरं, स्वतः वाजवून तुलना करू नकोस, निदान पहिल्या फेरीत. लूपर पेडल (वाजवलेलं रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं) असेल तर त्यात आठ बारचा एक तुकडा भर, त्यात खालची ई तार पण असू दे आणि वरच्या फ्रेट्सवरचं काहीतरी पण असू दे, आणि तोच तुकडा प्रत्येक हेडमधून सोड. नाहीतर होतं काय की हेड मंद वाटलं की आपण नकळत बोटं जोरात मारतो आणि ब्रिजकडे सरकतो.

वॉटबद्दल थोडक्यात. टोन हॅमर ५०० तुझ्या ८ ओहमवर साधारण २५० वॉट देतं, लिटल मार्क साधारण ३००. पूर्ण ५०० मधून अर्धं म्हणजे फक्त ३ डेसिबलचा फरक, त्याने टोन बदलत नाही, फक्त हेड आधी दमतं. दुसरी ८ ओहमची कॅब जोडलीस की ४ ओहम होतात आणि हेडची पूर्ण पॉवर मिळते, शिवाय स्पीकरचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचाच फायदा जास्त ऐकू येतो.

ट्यूबवाला_नाशिक

वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट राहिली. हेडचा स्वभाव फ्लॅट ठेवून, पातळी जुळवून, हळू आवाजात कळत नाही, तो हेडला पिळल्यावर कळतो. क्लीन असताना दोन चांगली हेड जवळजवळ सारखी वाजतात, फरक पडतो तो हेड दमायला लागतं तेव्हा, आणि तिथे एसव्हीटी वेगळ्याच जगातलं आहे.

एसव्हीटी १९६९ मध्ये आलं, ३०० वॉट, १४ ट्यूब. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात ते वापरलं. तेव्हा मोठ्या मैदानात ड्रम आणि गिटारच्या वर बास पोचवायचा प्रश्न होता आणि पीए (लोकांसाठीची मोठी साउंड सिस्टिम) आजच्यासारखे नव्हते, म्हणून एवढी ताकद थेट हेडमध्येच भरली. आता ट्यूबचं पॉवर सेक्शन काय करतं ते ऐका. ट्रान्झिस्टरचं हेड एका पातळीपर्यंत स्वच्छ वाजतं आणि मग धाडकन क्लिप होतं, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. ट्यूब हळूहळू वाकते, आधी नोटची टोकं गोल होतात, मग थोडं कॉम्प्रेशन येतं, मग हार्मोनिक्स चढत जातात. बोट हळू ठेवलं की स्वच्छ, जोरात मारलं की गुरगुर, हे सगळं बोटांच्या ताब्यात राहतं. शिवाय ट्यूब हेडची स्पीकरवरची पकड ढिली असते, त्यामुळे कॅबच्या स्वतःच्या रेझोनन्सपाशी फुगवटा येतो आणि खालचा आवाज मऊ, रुंद होतो. ट्रान्झिस्टर आणि क्लास डी (हल्लीची हलकी, स्विचिंगवर चालणारी) हेड स्पीकरला घट्ट धरतात, म्हणून ते कोरडे वाटतात. काहींना तेच आवडतं, मला नाही.

आणि फेस्टला जे ऐकलंस त्यात निम्मं श्रेय त्या एट बाय टेनचं आहे. लोकांना वाटतं एवढा मोठा डबा म्हणजे जमीन हलवणारा सब-बास. तसं नाहीये. तो सीलबंद कॅब आहे, मागे-पुढे पोर्ट नाही, ५८ हर्ट्झच्या खाली तो उतरायला लागतो. तुझी मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे तिचा मूळ सूर तिथे पूर्ण येतच नाही, तू ऐकतोस ते बरंचसं ८२ हर्ट्झ आणि त्याच्या वरचे हार्मोनिक्स. ताकद त्याच्या मिडमध्ये आहे, छातीवर येतं ते तिथून.

तुला खरा एसव्हीटी घ्यायला सांगणार नाही. आजचं क्लासिक मॉडेल ३६ किलोचं आहे, कॅब ६० च्या वर. पण लहान ट्यूब हेड मिळतात, अ‍ॅम्पेगचंच पीएफ-२० टी आहे २० वॉटचं, घरी आणि रेकॉर्डिंगला सुंदर वाजतं. ड्रमरसमोर मात्र कॅबमधून तेवढं पुरणार नाही, त्यातून डीआय (मिक्सरला थेट जाणारं आउटपुट) काढून पीएला द्यावं लागेल.

चारतारी_कोथरूड

बापरे, एवढं सविस्तर कोणी समजावलंच नव्हतं, दोघांचे मनापासून आभार. व्हीपीएफ-व्हीएलईचं ऐकून तर डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दोन्ही मित्र हेड घेऊन आमच्या जॅमरूमला यायला तयार आहेत, म्हणजे टोन हॅमर, लिटल मार्क आणि हार्टके एका कॅबवर ऐकता येतील. एकच शंका, प्रत्येक वेळी वायर काढून लावेपर्यंत आधीचा आवाज विसरायला होतं. एका स्विचच्या डब्याने दोन हेड एका कॅबला जोडता येतात का, पटकन इकडून तिकडे करायला? आमच्या एका गिटारिस्टकडे एबी बॉक्स आहे.

सोल्डरिंग_सांगली

थांबा. तो एबी बॉक्स स्पीकरच्या बाजूला अजिबात लावू नका, तो इनपुटच्या सिग्नलसाठी असतो. मी अ‍ॅम्प दुरुस्तीचं काम करतो आणि हे असं करून जळालेली हेडं माझ्या टेबलावर येतात म्हणून कळकळीने सांगतोय.

कारण असं आहे. हल्लीच्या हलक्या क्लास डी हेडपैकी बऱ्याच जणांचं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो, कुठलंच टर्मिनल ग्राउंड नसतं. साध्या डब्यात दोन्ही जॅकची बॉडी एकमेकांना जोडलेली असते. एका हेडचं मायनस दुसऱ्याच्या मायनसला किंवा ग्राउंडला लागलं की आउटपुट शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाईल, नाहीतर मॉड्यूल गेलं, आणि ते मॉड्यूल बऱ्याचदा सुटं दुरुस्त होत नाही, अख्खं बदलावं लागतं.

ट्यूब हेड असेल तर धोका उलट्या बाजूने. ट्यूब हेड स्पीकर न जोडता चालू ठेवून वाजवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्विच फिरवताना क्षणभर जरी लोड तुटला तरी जोरात वाजत असेल तर धोका आहेच. ट्रान्झिस्टर हेडला मोकळं राहिलेलं चालतं, शॉर्ट चालत नाही. हा फरक पाठच करा.

यासाठी खास स्पीकर स्विचर मिळतात जे दोन्ही कंडक्टर एकदम बदलतात, पण एका संध्याकाळसाठी त्या खर्चात पडू नका. सरळ मास्टर खाली घ्या, हेड बंद करा, स्पीकॉन (स्पीकर केबलचा प्लग) काढा, दुसऱ्याला लावा. सवय झाली की पटकन होतं. लूपर वापरणार असाल तर तोच तुकडा लगेच परत ऐकता येतो, आठवणीचा प्रश्न बराच सुटतो. आणि कॅबला जाणारी वायर स्पीकर केबलच असू दे, गिटारची केबल नको, दोन्हीची पिन सारखी दिसली तरी गिटारच्या केबलमधला तांब्याचा धागा एवढा करंट वाहून न्यायला केलेलाच नसतो.

टोनबद्दल माझ्या बाजूने एवढंच, हेड उघडल्यावर दिसतं की अनेक हलक्या हेडमध्ये पॉवरचं मॉड्यूल त्या कंपनीने बनवलेलंच नसतं, आइसपॉवरसारख्या दोन-तीन कंपन्यांकडून तयार घेतलेलं असतं. त्यामुळे या हेडमधला फरक बहुतेक सगळा प्रीअ‍ॅम्पमध्ये आणि अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या फिल्टरमध्ये असतो. एखादं हेड खाली घट्ट वाटतं आणि दुसरं सैल, ते बऱ्याच वेळा त्या फिल्टरमुळे. घट्ट म्हणजे वाईट असं समजू नका, छोट्या कॅबला ३० हर्ट्झचं काहीतरी पाठवून स्पीकर नुसता हलत राहतो, ऐकू काही येत नाही आणि पॉवर वाया जाते.

मडगावकर_बास

छान चर्चा चाललीय. मी गोव्यात लग्नं, हॉटेलं, बीचवरचे शो असं वाजवत आलोय, जे हेड समोर येईल त्यावर वाजवायचं, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा आहे.

चारतारी, तू हेडला विचारतोयस की तुझा टोन कुठला, मी आधी माझ्या बँडला विचारतो की जागा कुठे शिल्लक आहे. तुझ्याकडे दोन गिटार आणि कीबोर्ड. कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली चालू असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास चिखल होणारच, तिथे तू हेडवर कितीही लो वाढव, आवाज वाढेल पण नोट कळणार नाही. मग मी काय करतो, ४० हर्ट्झचा नॉब थोडा खाली आणि ४०० ते ८०० च्या मधलं थोडं वर. एकटं वाजवलं तर नाकात बोलल्यासारखं वाटतं. बँड सुरू झाला की तेच भरदार वाटतं आणि प्रत्येक नोटचा सूर कळतो. टोन हॅमरवर मिडची फ्रिक्वेन्सी १८० हर्ट्झपासून १ किलोहर्ट्झपर्यंत फिरवता येते, ही फार मोठी सोय आहे. बँड वाजत असताना मिड लेव्हल वर करून फ्रिक्वेन्सीचा नॉब हळूहळू फिरव, एका जागी बास एकदम पुढे येईल, तिथे थांब, मग लेव्हल गरजेपुरती कमी कर. ही जागा प्रत्येक हॉलमध्ये थोडी सरकते.

जीके तुला आवडलं त्याचं कारणही हेच, त्याचे वरचे मिड आधीच पुढे असतात. रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीने अनेक वर्षं जीके वाजवलं, तो चटचटीत, पुढे येणारा आवाज बहुतेकांच्या कानात बसलेला आहे. तुझ्या जॅझ बासच्या ब्रिज पिकअपबरोबर ८००आरबी फार सुंदर जुळतं. प्रिसिजन बास (फेंडरचं दुसरं मॉडेल) असेल आणि फ्लॅटवाउंड तारा असतील तर मी अ‍ॅम्पेगकडे जाईन.

आणि कुठे उभा राहून ऐकतोस ते पण बघ. टू बाय टेन जमिनीवर ठेवून तू दोन फुटांवर उभा असशील तर ट्विटर आणि मिड तुझ्या गुडघ्यांना ऐकू जातात, कानाला फक्त खालचं येतं, आणि मग माणूस ट्रेबल वाढवत बसतो, समोरच्या माणसाचे कान किटतात. कॅब खुर्चीवर किंवा क्रेटवर ठेव, तिरकी कर, आणि मोठी केबल लावून हॉलमध्ये लांब जाऊन ऐक. जॅझ बासिस्ट जॅको पास्टोरियस वापरायचा त्या अ‍ॅकूस्टिक ३६० च्या कॅबमध्ये तर १८ इंची स्पीकर मागे तोंड करून बसवलेला होता, फोल्डेड हॉर्नमधून आवाज फिरून पुढे यायचा, वाजवणाऱ्याजवळ कमी आणि लांब जास्त. स्टेजवर तुला काय ऐकू येतं आणि लोकांना काय जातं हे दोन वेगळे विषय आहेत.

साउंडचेक_दादर

मडगावकरांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मोठ्या शोला लोक तुमचं हेड ऐकतच नाहीत. बास डीआयमधून मिक्सरला येतो आणि पीएमधून बाहेर जातो. हेडच्या मागच्या डीआयला प्री आणि पोस्ट असं बटण असतं, प्री ठेवलं तर इक्यूच्या आधीचा सिग्नल येतो, पोस्ट ठेवलं तर तुमचा इक्यू आणि ड्राइव्ह बराचसा सोबत येतो. आणि दोन्हीमध्ये पॉवर ट्यूबचं वाकणं, कॅबचा रंग यातलं काही येत नाही, त्यासाठी कॅबसमोर माइक लावावा लागतो. ट्यूबवाल्यांचा तो एसव्हीटीचा सुंदर आवाज माइक न लावता डीआयवर घेतला तर त्यातला मोठा भाग स्टेजवरच राहतो. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर जेम्स जेमर्सनचा जो बास आहे तो बहुतेक थेट कन्सोलमध्ये गेलेला आहे, अ‍ॅम्पशिवाय. क्लबमध्ये लाइव्ह वाजवताना तो अ‍ॅम्पेग बी-१५ वापरायचा. त्यामुळे रेकॉर्ड ऐकून हेड निवडताना हे डोक्यात ठेवा.

छोटे पब आणि सोसायटीचा कार्यक्रम यात मात्र कॅबच लोकांना ऐकू येतो, तिथे हेडची निवड खरंच कामाची आहे. चारतारी, तुझ्या यादीत असेच कार्यक्रम जास्त दिसतायत.

चारतारी_कोथरूड

झालं एकदाचं! रविवारी तिन्ही हेड एका कॅबवर ऐकली, ड्रमर आणि एक गिटारिस्ट पण होते. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, फोनवर सी वेटिंग, पिंक नॉइज, लूपरमध्ये एक तुकडा, कॅब क्रेटवर.

पहिल्या फेरीत टोन हॅमरचा ड्राइव्ह पूर्ण बंद, लिटल मार्कचे दोन्ही फिल्टर पूर्ण डावीकडे, हार्टके २-१०-२. विश्वास बसणार नाही इतकी तिन्ही जवळ आली. मी पाठ करून बसलो आणि मित्र बदलत होते, बऱ्याचदा मला ओळखताच आलं नाही. लिटल मार्क खाली सगळ्यात घट्ट आणि वर सगळ्यात मोकळं, बोटांचा आवाज स्वच्छ येतो. टोन हॅमर वर किंचित गोल. हार्टकेने तर मला चकितच केलं, मिड भरून आल्यावर ते जॅमरूमचं नेहमीचं हेड वाटतच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत स्वतः वाजवलं, ड्रमरबरोबर, आणि गेन वाढवत नेला. इथे ट्यूबवाल्यांचं म्हणणं पटलं, फरक इथेच उघडला. लिटल मार्क शेवटपर्यंत जसंच्या तसं, फक्त मोठं. हार्टके जोरात मारल्यावर जरा खरखरीत. टोन हॅमरचा ड्राइव्ह दहा वाजता ठेवला, पातळी परत जुळवली, मिड साधारण ५०० हर्ट्झला थोडे वर, आणि त्या फेस्टमधल्या एसव्हीटीची आठवण करून देणारं काहीतरी आलं, तितकं रुंद नाही पण त्या दिशेचं. हळू वाजवलं की गोल, जोरात मारलं की तार बोलते. आमचा गिटारिस्ट न विचारता म्हणाला की आज बासचा सूर कळतोय.

लिटल मार्कवर व्हीएलई थोडा वर घेऊनही तसंच गोल करता येतं, पण ती गुरगुर नाही येत. स्लॅप करणाऱ्याला किंवा पेडलबोर्ड घेऊन फिरणाऱ्याला मी लिटल मार्कच सुचवीन, पेडलचा आवाज जसा आहे तसा बाहेर येतो.

तर टोन हॅमरकडे कल झालाय. एकजण सेकंड हँड देतोय, आणि माझा मावसभाऊ अमेरिकेतून नवीन आणू शकतो. काय करू? का हे हेड राहू दे आणि आधी दुसरी कॅब घेऊ?

ट्यूबवाला_नाशिक

ड्राइव्ह आवडला ना, मग मला आनंद आहे. माझं मत, आधी हेड. कारण तुझ्याकडे स्वतःचं हेडच नाहीये, आणि टोन बोटांत बसायला रोज तेच हेड लागतं. दुसरी ८ ओहमची कॅब, शक्यतो आहे त्याच मॉडेलची, नंतर कधीही जोडता येईल. वेगवेगळ्या कॅब जोडल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना खातात. आणि कधी नाशिकला आलास तर सांग, माझं जुनं ट्यूब हेड ऐकवतो, ड्राइव्ह नॉब न फिरवता.

सोल्डरिंग_सांगली

अमेरिकेतून आणायचं तर मागचं लेबल आधी फोटो काढून मागवा. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लेबलवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर फक्त पॉवर केबल बदलायची. फक्त १२० असेल तर एकतर आतली सेटिंग बदलता येते का ते सर्व्हिस सेंटरला विचारायचं, नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सोबत न्यायचा, आणि गणपतीत जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होतं तेव्हा तो अजून एक काळजीचा विषय. वॉरंटी इथे चालेल का ते पण विचारा.

सेकंड हँड बघायला जाल तेव्हा स्वतःची कॅब आणि बास घेऊन जा. आधी इनपुटला काही न जोडता मास्टर पूर्ण वर करून हिस आणि हम ऐका. प्रत्येक नॉब हळू फिरवा, खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते, घाबरू नका. इनपुट जॅकमध्ये पिन हलवून बघा, आवाज तुटला तर सोल्डर सुटलेलं आहे, ते काम स्वस्तात होतं पण किंमत त्याप्रमाणे कमी करून मागा. पंखा फिरतो का बघा, मांडवातली धूळ बसून तो अडकतो आणि मग हेड तापून मध्येच बंद पडतं. अर्धा तास तरी जोरात वाजवा. डीआय एखाद्या मिक्सरला लावून तपासा, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून हम जातो का ते बघा. आणि पॉवर केबलची अर्थिंगची पिन कापलेली असेल तर केबल तिथेच फेकून नवीन लावा, हम घालवायला ती पिन कधीच कापायची नाही, माइकला ओठ लागला की शॉक तुम्हाला बसतो.

हे सगळं ठीक निघालं तर सेकंड हँड घ्या. पावती मात्र मागून घ्या, सीरियल नंबर लिहिलेली.